बोल्टचं डोकं आतल्या बाजूला

सकाळी साडेनऊ वाजता एका अनोळखी माणसाच्या हातावर चापट मारायचा माझा काही बेत नव्हता. पण त्याचा हात माझ्या डब्यावर होता.

डबा अजून दुकानदाराचाच होता, कबूल. काउंटरवर उघडा पडला होता आणि आत तेलकट कागदात गुंडाळलेले चार क्लॅम्प होते. दुकानातले शेवटचे चार! मी ते वरच्या फळीवर हेरले, दुकानदाराला शिडीवर चढवून खाली काढायला लावले, आणि खिशातून मोजपट्टी काढेपर्यंत हा मधेच उपटला.

"हात काढा," मी म्हटलं.

"चापट तर आधीच मारलीत. आता काढू, की चोळत बसू?"

"हे मी आधी बघितलेत."

"बघून झाले ना? मग मी नेतो."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. माणसं मी भागाभागाने बघते. धंद्याची सवय. कुठला सांधा पक्का आहे, कुठला नुसता टाक्यावर उभा आहे, ते आधी शोधायचं. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, केसांत धूळ, डाव्या भुवईत एक जुना व्रण. डोळे हसत होते, जबडा मात्र भांडायला बसला होता. अशा माणसाचं खरं काय मानायचं… डोळ्यांचं की जबड्याचं?

"तुम्हाला हे कशाला हवेत पण?" त्याने विचारलं. "पडदे टांगायला?"

झालं. त्या एका वाक्यात त्याने माझी अख्खी सकाळ पेटवली.

"पडदे," मी म्हटलं, अगदी लहान मुलाला समजवावं तसं, "टांगत नाहीत यांनी. हे दोन अर्धे तुकडे असतात, पायरीसारखे एकमेकांत बसतात. एक अर्धा गाडीच्या पिंजऱ्याला वेल्ड करायचा, दुसरा निघणाऱ्या पाइपाच्या तोंडाला. मधून बोल्ट. डोंगरात गाडी उलटली तर आतलं माणूस चेपू नये म्हणून पिंजरा, आणि पिंजऱ्यातून ते माणूस बाहेर यावं म्हणून हे. बोल्ट काढले की पाइप हातात. अजून काही शंका?"

मला वाटलं, आता काहीतरी खवचट ऐकू येणार. पण त्याचे हसणारे डोळे विझले.

"माणूस बाहेर यावं म्हणून," तो हळू म्हणाला. "हो… तेवढ्यासाठीच हवेत मला."

आणि तरी हात काढला नाही!

शेवटी दुकानदाराने डबा स्वतःकडे ओढला आणि दोन माझ्यापुढे, दोन त्याच्यापुढे सरकवले. "घ्या. आणि उरलेलं भांडण फुटपाथवर." मला चार हवे होते. दोन दारांचे दोन आडवे पाइप, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक. दोन क्लॅम्प घेऊन मी चरफडत मामाच्या वर्कशॉपला आले, मागच्या शेडमध्ये जाऊन हेल्मेट चढवलं आणि भंगाराच्या पाइपावर विनाकारण वेल्ड मारत बसले. राग आला की मी हेच करते. भंगार पाइप आमच्याकडे कधी कमी पडत नाहीत.

अर्ध्या तासाने बाहेरून आवाज आला.

"मामा, दोनच मिळाले हो. एका बाईने उरलेले दोन हिसकावले. चापट मारली वर!"

मी हेल्मेट वर केलं.

तो मातकट ट्रकशेजारी उभा होता. कालच उतरवलेला, नवा पिंजरा बसवायचा तो ट्रक. मी ज्याच्यासाठी सकाळपासून क्लॅम्प शोधत होते, तोच. मामाने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या दोन क्लॅम्पांकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला.

"अरे, एकाच गाडीसाठी भांडलात की काय दोघं?"

"मी यांना सांगितलं होतं का बाजारात जायला?" मी कडाडले. "काम आम्हाला दिलंय ना? मग आमच्यावर सोडा की!"

"आमच्यावर म्हणजे…" तो गोंधळला. "वेल्डिंग मामा करणार ना?"

मामाचं हसू थांबलं. त्याने घसा साफ केला. "ही करेल. मी आहेच देखरेखीला."

आता हे 'देखरेख' प्रकरण सांगायलाच हवं, कारण माझ्या रागाची मुळं तिथे आहेत. आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे. पिंजरा पुरा झाला की ज्याने वेल्ड केला त्याने मुख्य सांध्याशेजारी आपला ठसा मारायचा. मामाचा ठसा चांदणीचा. तीन वर्षं पाइप मी कापत होते, टाके मी मारत होते, अंगावर ठिणग्या मी झेलत होते, आणि शेवटी हातोडा घेऊन चांदणी ठोकायला यायचा मामा. "लोकांना सवय व्हायला वेळ लागतो गं," म्हणायचा. या ट्रकच्या वेळी मी त्याला बजावलं होतं की ह्यावर माझा ठसा बसणार, नाहीतर मी दुसरं वर्कशॉप बघणार. मामा तोंडातल्या तोंडात "बरं" म्हणाला होता. ट्रकची डोंगरातली शर्यत आठ दिवसांवर होती.

तर तो पिंजरा म्हणजे माझं नाव होतं, आणि हा भुवईवाला ड्रायव्हर त्याच्यावर संशय घेऊन उलट्या ड्रमवर बसकण मारून बसला होता.

तो रोज यायचा. सकाळी दहाला यायचा, ड्रम ओढायचा आणि बघत बसायचा. पहिल्या दिवशी उघड्या डोळ्यांनी वेल्डच्या उजेडात बघत बसला आणि दुसऱ्या दिवशी लाल, सुजलेले डोळे घेऊन आला.

"अक्कल गहाण टाकलीये का?" मी जुनं हेल्मेट त्याच्या अंगावर फेकलं. "आंधळे झालात तर गाडी काय मी चालवू?"

"काळजी वाटते?"

"पिंजऱ्याची वाटते. आंधळ्या ड्रायव्हरने पहिल्याच दगडावर चेपला असता."

तो हसला. हेल्मेट घातलं. काळ्या काचेतून बाकी जग दिसतच नाही. ना शेड, ना माणसाचा चेहरा. दिसतो तो फक्त वितळलेला थेंब आणि त्याला चालवणारा हात. पुढचे तीन दिवस तो फक्त तेवढंच बघत होता. हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

"वेल्डरबाई, दोन्ही अर्धे आधीच बोल्टने आवळून का ठेवता?"

"ड्रायव्हरसाहेब, उष्णतेने लोखंड ओढलं जातं म्हणून. आवळून ठेवायचं, समोरासमोर थोडं थोडं वेल्ड करायचं, आणि पुरतं थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना सोडलं तर दोन्ही अर्धे पुन्हा जन्मात जुळत नाहीत."

"माणसांचंही असंच असतं का?"

"माणसं थंड होईपर्यंत गप्प बसली तर कळेल."

गप्प बसला खरा. दीड मिनिट. मग ड्रमवरून उठून माझ्या हातमोज्यावर पडलेली राख फुंकरीने उडवली आणि काहीच झालं नाही असा परत जाऊन बसला… मी पुढचा टाका दोनदा चुकले. तेही त्याच्याच खात्यात.

आमचं खरं भांडण जुंपलं ते बोल्टच्या डोक्यावरून.

"डोकी बाहेरच्या बाजूला हवीत," तो म्हणाला. "गाडी उलटली की मी धावत जाणार, बाहेरून चावी लावणार, पाइप काढणार."

"आणि तुम्हीच बेशुद्ध असलात तर?"

"मी नसतो बेशुद्ध."

"वा! दगडांना कळवलंय का तसं?"

डोकी आतल्या बाजूला ठेवायची, चावी सीटशेजारी अडकवायची, म्हणजे बसलेल्या माणसाला स्वतःच बोल्ट सोडता येतील आणि पाइप बाहेरच्या अंगाला पडेल, असं माझं म्हणणं होतं. त्याला ते मान्यच होईना. त्याचा आवाज चढला, माझा त्याहून चढला, आणि तेवढ्यात दारातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

एक बाई आत येत होत्या. त्याचीच भुवई, व्रण सोडून. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, पण त्या अशा चालत होत्या की वाट लोकांनी द्यावी.

"ही ताई," तो पुटपुटला. "शेजारच्या सीटवर हीच असते. वाट सांगते मला."

"वाट सांगते आणि तू ऐकत नाहीस," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दोन वर्षांपूर्वी हा माझं न ऐकता ओढ्यात उतरला. गाडी आडवी झाली. तेव्हा पाइप पक्का वेल्ड केलेला होता, निघणारा नव्हता. चाळीस मिनिटं मी आत, आणि हा बाहेर, उघड्या हातांनी पाइप ओढतोय. पाय तेव्हाच गेला. तेव्हापासून याला वाटतं, मला काचेच्या कपाटात ठेवावं आणि किल्ली याच्या खिशात."

तो खाली बघत होता.

"डोकी आत ठेव गं," ताई म्हणाली. "मला माझी मी बाहेर येऊ दे."

मी त्याच्याकडे विजयी नजर टाकणार होते. टाकली नाही. उघड्या हातांनी चाळीस मिनिटं… त्याच्या तळव्यांवर अजून खुणा होत्या. इतक्या दिवसांत मी त्या बघितल्या नव्हत्या, आणि म्हणे माणसं भागाभागाने बघते!

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या बाजूचा पाइप पुरा झाला. ताईच्या बाजूचा पुढचा क्लॅम्पही पुरा वेल्ड झाला. मागच्या क्लॅम्पला नुसते तात्पुरते टाके मारून ठेवले. दुसऱ्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. "सकाळी मी नाही. त्याला हात लावू नकोस, मी येऊन करते," मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "बरं." त्याच्या 'बरं'ला काय अर्थ असतो ते एव्हाना मला कळायला हवं होतं.

दुपारी आले तर मागचा क्लॅम्प पुरा वेल्ड होऊन वर काळा रंगही बसला होता. ताई आतल्या सीटवर पट्टे बांधून बसली होती, हातात घड्याळ. ड्रायव्हर बाहेर उभा. चाचणी चालली होती. मी धावतच गेले.

ताईने पुढचे बोल्ट आतून सोडले. मागे हात नेला… आणि थांबली.

"इथे डोकी नाहीत. बाहेरच्या बाजूला आहेत."

त्याने बाहेरून चावी लावून मागचे बोल्ट काढले. पाइप ओढला. निघेना. ढकलला. निघेना. चारही बोल्ट जमिनीवर पडलेले आणि पाइप जागचा हलायला तयार नाही! मला एका नजरेत कळलं. पुढच्या क्लॅम्पची पायरी पाइपाला बाहेर सोडत होती, मागच्या क्लॅम्पची आत. एक टोक म्हणत होतं इकडे ये, दुसरं म्हणत होतं तिकडे जा. असा पाइप बोल्टांशिवायही जन्मभर तिथेच राहतो.

"अरे, घाई नको," ताई म्हणाली. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

त्याचं भान सुटलं. दोन्ही हातांनी पाइप धरून तो गदागदा हलवायला लागला, जणू मागे ओढ्याचं पाणी चढत होतं. शेवटी मामाने आणि मी ताईला सीटच्या मागून, तो ताठ पाय जपत, कसंबसं ओढून काढलं. ती कण्हली नाही. त्याने जास्तच वाईट वाटलं.

मग तो माझ्यावर फिरला.

"हे केलंस तू? चार दिवस मोठमोठ्या गप्पा, गरम लोखंड आणि थंड लोखंड! आणि साधी पायरी कुठल्या बाजूला ते कळत नाही तुला? माझी बहीण होती आत!"

इतके दिवस 'तुम्ही' होतं. 'तू' आलं ते हे असं आलं.

मी मामाकडे पाहिलं. बोल, म्हटलं मनात. मागचा क्लॅम्प कुणी फिरवला ते बोल. शेजारच्या गॅरेजमधली माणसं दारात जमली होती. मामाने त्यांच्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "पोरगी शिकतेय अजून…"

बारीकसारीक रागाला माझ्याकडे तोंड आहे, तो बडबडतो. हा राग मुका होता. मी हातमोजे काढले, ड्रमवर ठेवले आणि निघाले. मागे कुणीतरी काहीतरी म्हणालं. ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली सगळी भांडी घासायला काढली. स्वच्छ होती तीसुद्धा.

"भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" आई म्हणाली. नवा चष्मा लावून ती खुर्चीत बसली होती आणि घरातली प्रत्येक वस्तू पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत होती.

मी सांगितलं. सगळं, एका दमात.

"माझाच भाऊ तो," ती म्हणाली. "लहानपणी काच फोडायचा आणि नाव माझं सांगायचा. मार मी खायचे. मग आठ दिवस माझं दप्तर उचलायचा. तोंडातून मात्र चकार शब्द नाही… तू मार खाऊ नकोस."

दारावरची बेल वाजली. आईने उठून उघडलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर तो उभा होता. अंगावर कालचाच शर्ट, हातात माझे हातमोजे. आईने नव्या चष्म्यातून त्याला केसांपासून बुटांपर्यंत पाहिलं, मग बुटांपासून केसांपर्यंत.

"हाच का तो?" तिने मला विचारलं. "भुवई बरी आहे."

"आई!"

"मी आत आहे. दार उघडंच ठेवा. ऐकायचं आहे मला."

मी हातात घासणी घेऊन दारात उभी राहिले. "बोला. काय राहिलंय अजून?"

"तो वेल्ड तुझा नाही," तो म्हणाला.

मी घासणी खाली घेतली.

"तू डावखुरी आहेस. तुझ्या वेल्डचे खवले उजवीकडून डावीकडे चढतात, एकावर एक, सारख्या अंतराने. आणि शेवटच्या थेंबावर तू हात किंचित मागे आणतेस, खड्डा भरायला. काल संध्याकाळी मी मागच्या क्लॅम्पवरचा रंग खरवडला. खवले डावीकडून उजवीकडे होते. शेवटी खड्डा तसाच."

"एवढं कुठून कळायला लागलं तुम्हाला?"

"तीन दिवस काळ्या काचेतून मी दुसरं काय बघत होतो?"

घासणीतून पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. मला ते फार उशिरा कळलं.

"कालही डोळे होतेच की," मी म्हटलं. आवाज जितका हवा तितका कडक निघाला नाही, म्हणून आणखी राग आला. "ओरडायच्या आधी खरवडायचा होता रंग."

"हो." त्याने मान खाली घातली. "आणि अजून एक आहे. हे ऐकून तू कदाचित ते पाणी माझ्या डोक्यावर ओतशील… परवा तू गेल्यावर मी मामांना फोन केला होता. म्हटलं, एक टोक तरी बाहेरून उघडेल असं करा. तिला सांगू नका, ती ऐकणार नाही. त्यांनी टाके कापून क्लॅम्प फिरवला तो माझ्यामुळे. ताईला ज्याने अडकवलं… तो मीच. पुन्हा."

आतून आईचा आवाज आला, "बादलीत पाणी आहे गं अजून!"

मला हसू येत होतं आणि मला ते अजिबात नको होतं. माझा राग पुरता न्याय्य होता, कष्टाने कमावलेला होता, आणि हा माणूस त्याला दोन्ही बाजूंनी सुरुंग लावत होता.

"काल संध्याकाळी कळलं ना? मग काल का नाही आलात?"

"गरम असताना सोडू नये म्हणालीस," तो म्हणाला. "म्हणून थांबलो."

मी हातमोजे हिसकावून घेतले.

"इथे जिन्यात माफी मागून भागणार नाही. ओरडलात तिथेच मागायची. तेवढ्याच आवाजात. शेजारच्या गॅरेजला ऐकू गेली पाहिजे."

"मागतो."

"आणि 'तू' म्हणायची परवानगी मी दिलेली नाही."

"काल रागात निघून गेलं. आता परत घेववत नाहीये."

खाली रस्त्यावर एका गाडीचा हॉर्न वाजला. तीनदा. गाडीच्या खिडकीतून ताई ओरडली, "अरे शहाण्या, शर्यत परवा आहे! तिला म्हणावं, रुसवा गाडीत बसून चालू ठेव!"

वर्कशॉपमध्ये त्याने माफी मागितली. कालच्याच जागी उभा राहून, कालच्याहून मोठ्या आवाजात. शेजारचे गॅरेजवाले पाने हातात घेऊन बाहेर आले. "चूक हिची नव्हती! फोन मी केला होता! मी न बघता ओरडलो!" एकजण म्हणाला, "पुन्हा सांगा, मागे ऐकू नाही आलं." त्याने पुन्हा सांगितलं.

मग सगळे मामाकडे बघायला लागले. मामा वाइसमध्ये काहीच नसताना वाइस आवळत होता.

"मामा," मी म्हटलं, "काच कुणी फोडली?"

तो दचकला. ही माहिती कुठून आली ते त्याला बरोबर कळलं. वाइसचा दांडा सोडून तो सरळ उभा राहिला. त्या क्षणी तो मला जरा म्हातारा दिसला.

"मी फिरवला क्लॅम्प," तो म्हणाला. "हिने नको सांगितलं होतं. मी फिरवला, आणि काल गप्प बसलो." मग अगदी हळू, माझ्यापुरतं, "तीन वर्षं गप्पच बसलोय गं."

माझा राग तेवढ्याने गेला नाही. पण त्याने ग्राइंडर उचलून मागचा क्लॅम्प स्वतः कापून काढला, तोंडं घासून चकचकीत केली आणि दोन्ही अर्धे बोल्टने आवळून माझ्या हातात दिले, तेव्हा मी ते घेतले.

संध्याकाळ होण्याआधी सांधा थंड झाला. ताई पुन्हा आत बसली. या वेळी तिने ड्रायव्हरला बाहेर दहा पावलं लांब उभं केलं, हात खिशात घालायला लावून. "खिशातून हात काढलास तर परवा चुकीची वाट सांगेन." चावी सीटशेजारून काढली. दोन बोल्ट पुढचे. दोन मागचे. पाइप बाहेरच्या अंगाला कलला आणि ठण्णकन जमिनीवर पडला. ताई स्वतःचा ताठ पाय आधी बाहेर टाकून, दाराची चौकट धरून उतरली. तिने घड्याळ पाहिलं.

"पन्नास सेकंद," ती म्हणाली. मग कुणाकडेही न बघता, "चाळीस मिनिटं नाही."

तो तसाच उभा होता, हात खिशात. डोळे मात्र भरून आले होते आणि ते पुसायला हात काढायची त्याला भीती वाटत होती.

मामाने हातोडा आणला. "ठसा मार. पंच बनवून घेऊ तुझ्यासाठी, आज माझाच—"

मी खिशातून पंच काढला. मोडक्या ड्रिलचा, दोन वर्षांपूर्वी कानशीने घासून मीच बनवलेला. दोन वर्षं तो माझ्या खिशात होता. मामा पाइप धरून उभा राहिला. एकच घाव. एक तिरकी रेघ, तिच्याखाली टिंब.

"ही वेल्डची ठिणगी," मी म्हटलं.

ड्रायव्हर वाकून बघत होता. "ठिणगी कसली! हा रागावलेला डोळा आहे. वर भुवईसुद्धा आहे."

ताईने मामाला चहा कुठे मिळतो ते विचारलं आणि मामाला जवळजवळ दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना तिने मागे वळून मला डोळा मारला. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो.

"एकदा तू बसून बघ ना," तो म्हणाला. "वेल्डरने स्वतः तपासायला नको?"

मी ताईच्या सीटवर बसले. त्याने बाहेरून पाइप बसवला. मी आतून चारही बोल्ट आवळले. तो पाइपावर कोपरं टेकून उभा राहिला. चेहरा एवढा जवळ, की भुवईतल्या व्रणाला टाके किती पडले होते ते मोजता आलं असतं. पाच.

"आता तू अडकलीस," तो म्हणाला. "आता ऐकावंच लागेल. मला ना… त्या चापटीपासूनच… म्हणजे हात अजून चोळतोय मी. परवाची शर्यत झाली की परत यायला मला काहीतरी निमित्त लागेल. गाडी मुद्दाम ठोकावी लागू नये, असं निमित्त. उत्तर दे, मग सोडतो."

"बोल्टची डोकी कुठल्या बाजूला आहेत?" मी विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओशाळलं. "…आत."

मी चावी काढली. एक बोल्ट. दुसरा. तो कोपरं काढून मागे सरकला. तिसरा. चौथा मी जरा सावकाशच फिरवला. पाइप बाहेर कलला आणि त्याने तो दोन्ही हातांत झेलला.

"आता विचार," मी म्हटलं. "असलं काही दार उघडं असताना विचारायचं असतं. अडकवून नाही."

पाइप छातीशी धरून तो उभा राहिला. आता त्याचा जबडाही भांडत नव्हता. डोळ्यांचं आणि जबड्याचं एकदाचं जुळलं होतं.

"येऊ का परत?" त्याने विचारलं. "तू रागावलेली असलीस तरी?"

"मी रागावलेलीच असणार आहे," मी म्हटलं. "अजून बराच शिल्लक आहे."

"मी थांबतो… थंड होईपर्यंत."

समोर दाराची चौकट मोकळी होती. पुढे शेड, शेडपुढे रस्ता, आणि पाय खाली टाकला की जमीन.

मी उतरले नाही.